ठोकळ संख्या आणि शाळकरी मुले

गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या किती, असे कोणी विचारल्यास २०११ च्या जनगणनेतील १०,७२,९४२ हा आकडा आपण म्हणून दाखवीत नाही. सुमारे अकरा लाख, असे सांगून मोकळे होतो. या उत्तराला कोणी खोटे म्हणत नाही, आणि ते ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ही नव्हे. खरी संख्या समोर असताना तिच्या सर्वांत जवळची, कामापुरती सोपी संख्या घेणे, याचेच नाव ठोकळ संख्या काढणे. प्राथमिक शाळेतील मुलांना ते कसे शिकवावे, आणि आपल्या या जंगलभागात त्याचे महत्त्व काय, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

शाळेत बहुधा नियम आधी येतो. एककस्थानी पाच किंवा त्याहून मोठा अंक असल्यास दशक एकाने वाढवावा. लहान असल्यास तसाच ठेवावा, आणि एककाच्या जागी शून्य लिहावे. नियम बरोबर आहे. पण तो नुसता पाठ केलेला मुलगा ४७ चे ५० करतो, आणि ‘५० च का?’ असे विचारले म्हणजे गप्प बसतो. म्हणून नियमाच्या आधी अंतर शिकवावे. शाळेच्या अंगणात एक रेघ ओढून तिच्यावर ४० पासून ५० पर्यंत खुणा कराव्यात. मुलाला ४७ वर उभे करून विचारावे, चाळीस किती पावले मागे आणि पन्नास किती पावले पुढे? मागे सात, पुढे तीन. उत्तर त्याचे पायच देतात. मग त्याला ४५ वर उभे करावे. दोहोंकडे पाच-पाच पावले! येथे मुले वाद घालतात, आणि तो घालू द्यावा. मधल्याने पुढे जावे, हा सर्वांच्या सोयीसाठी ठरवलेला संकेत आहे, हे त्या वादातूनच त्यांना उमगते.

या कामी मराठी भाषेची मदत होते. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस, एकोणपन्नास म्हणजे एक उणे पन्नास. जवळचा दशक नावातच बसलेला आहे. मात्र ज्या मुलांच्या घरी गोंडी किंवा माडिया बोलतात, त्यांच्या कानाला हे नाव प्रथम नुसता ध्वनीच असतो. त्यांच्यासाठी रेघ आधी आणि नाव मागाहून, हा क्रम ठेवावा.

दशक पक्का झाला म्हणजे शतक घ्यावा. ४४७ ची जवळची शंभरी कोणती? काही मुले आधी ४५० करतात, आणि मग त्याचे ५००. पण रेघेवर पाहिले तर ४०० हे ४७ अंतरावर आणि ५०० हे ५३ अंतरावर आहे. उत्तर ४०० च. ठोकळ करावयाचे ते एकदाच, आणि मूळ संख्येवरून.

आता पुढचा प्रश्न : ठोकळ करताना सोडून दिलेला भाग जातो कोठे? २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. चंद्रपूरचे क्षेत्रफळ ११,४४३ चौरस किलोमीटर आणि गडचिरोलीचे १४,४१२. हजारांत ठोकळ करून मिळवल्यास ११ आणि १४ मिळून २५ हजार होतात. पण आधी मिळवल्यास २५,८५५, म्हणजे ठोकळ २६ हजार! दोन्हीकडे चारशेच्या वर सोडले, ते एकत्र येऊन हजाराच्या घरात गेले. लोकसंख्येत असे होत नाही. चंद्रपूरची २२,०४,३०७ म्हणजे २२ लाख, गडचिरोलीची ११ लाख, बेरीज ३३ लाख. मूळ बेरीज ३२,७७,२४९, तीही ठोकळ ३३ लाखच. येथे एक संख्या घटली आणि दुसरी वाढली, म्हणून तोल राहिला.

हा तोल आपल्याकडील कुटुंबांच्या पोटाशी निगडित आहे. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडली जातात. या भागात सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. समजा, एका कुटुंबाने चार दिवसांत २४३, २३१, २२४ आणि २४२ पुडे दिले. शंभरात ठोकळ केल्यास प्रत्येक दिवसाचे २०० आणि एकूण ८०० होतात. खरी बेरीज ९४०. नियम कोठेही मोडला नाही. तरी १४० पुडे, म्हणजे ९,८०० पाने, हिशेबातून गेली! तीच मुलगी दशकात ठोकळ करून २४०, २३०, २२० आणि २४० मनातल्या मनात मिळवील तर ९३० येतात. चिठ्ठीवर ८४० लिहिले असल्यास कोठेतरी चुकले आहे, हे तिला कागद-पेन्सिलीवाचून कळेल, आणि ती आईला ‘पुन्हा मोजायला सांग’ म्हणू शकेल.

तेव्हा मुलांना दोन गोष्टी बरोबरच शिकवाव्यात. हिशेब तपासावयाचा असेल, तर ठोकळ संख्येसारखी सोबतीण नाही. पण कोणाचे देणे चुकते करावयाचे असेल, तेव्हा ती बाजूला ठेवून संख्या शेवटच्या अंकापर्यंत मोजावी. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर येथील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा व्यवहार स्वतः पाहू लागल्या. उद्या त्यांच्या वह्या आजच्याच मुलामुलींच्या हाती जाणार आहेत. कोठे सोडावे आणि कोठे सोडू नये, हे त्यांना चौथीच्या वर्गातच समजलेले बरे.