सायकलच्या सफरीत पाणी कुठे ठेवावे : दांडीला की पाठीवर?

अलिबागेत सायकलीला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. पूर्वी सायकल म्हणजे दूधवाले, पोस्टमन आणि शाळकरी मुले. आता जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन चाळिशी-पन्नाशीची माणसेही पहाटे आक्षी-नागावच्या रस्त्याला दिसतात. २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईचे सायकलस्वारही सायकलीसकट इकडे येतात. त्यांच्या पाठीवरची नळी लावलेली पिशवी पाहून आपल्याकडची मंडळी मला विचारतात, "डॉक्टर, ती पाण्याची पिशवी घ्यावी का? घ्यायची तर कोणती?" प्रश्न दुकानदाराला विचारण्यासारखा वाटतो, पण त्याचे निम्मे उत्तर आपल्या शरीरात आणि आपल्या हवेत आहे.

या पिशवीचा जन्म एका अर्थी वैद्यकीय सामानातूनच झाला. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ऑगस्टच्या कडक उन्हात शंभर मैलांची सायकल सफर भरते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मायकेल आयडसन हे तातडीच्या वैद्यकीय सेवेत काम करणारे गृहस्थ तिच्यात उतरले. त्यांनी सलाईनची पिशवी पायमोज्यात घालून पाठीला अडकवली आणि नळी खांद्यावरून पुढे आणली. हात न सोडता, न थांबता पाणी पिता आले. त्यातूनच पुढे 'कॅमलबॅक' ही कंपनी उभी राहिली. दुकानात जिला 'हायड्रेशन बॅग' म्हणतात, ती हीच.

दमट हवेतला घाम

घामाने शरीर थंड होते ते घाम वाळला तर. नुसता गळून गेला तर पाणी आणि मीठ जाते, गारवा मात्र मिळत नाही. विदर्भातील कोरड्या हवेत घाम चटकन उडून जातो. आपल्या किनाऱ्यावर हवेतच इतकी वाफ असते की कपडे चिंब होतात आणि अंग तापलेलेच राहते. म्हणून पारा ३३-३४ अंशांवर असला तरी "आपल्याकडे कुठे एवढे ऊन?" असे म्हणून चालत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, खारघरला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा जण दगावले. ती माणसे सायकल चालवत नव्हती, उन्हात बसली होती.

हे एवढ्यासाठी सांगितले की पाठीवरची पिशवी पाठ झाकते, आणि पाठीवर घाम भरपूर येतो. दमट हवेत आधीच न वाळणारा घाम तिच्याखाली आणखीच कोंडतो. तेव्हा गरज नसताना ती बाळगणे हिताचे नाही.

पाणी किती लागते?

याचे उत्तर माणसागणिक बदलते. उन्हात सायकल मारताना कुणाचा तासाला अर्धा लिटर घाम जातो, कुणाचा एक लिटर किंवा त्याहूनही अधिक. आपला आकडा घरच्या वजनकाट्यावर काढता येतो. निघण्यापूर्वी लघवी करून, कमीत कमी कपड्यांवर वजन करा. तासभर सायकल चालवून आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. समजा, वजन ६० किलोचे ५९.४ झाले आणि वाटेत अर्धा लिटर पाणी प्यालात. तर गेलेला घाम सुमारे १.१ लिटर. वजनात शेकडा दोनपेक्षा जास्त घट होऊ देऊ नये.

पण वजन वाढलेले दिसले तर? तर पाणी जास्त झाले, आणि हाही धोकाच आहे. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम कमी झालेले आढळले. धावताना पाणी पिऊन ज्यांचे वजन वाढले होते, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. सोडियम फार उतरले तर मेंदूला सूज येऊन झटके येतात, प्राणही जाऊ शकतो. पिशवीची नळी सतत तोंडाजवळ असल्याने उगाच चोखत राहण्याची सवय लागते. तहान लागेल तसे, घोट-दोन घोट प्यावे.

आधी वाट पाहा, मग पिशवी

अलिबाग ते रेवदंडा हा रस्ता सपाट, डांबरी आणि गावागावांतून जाणारा आहे. तिथे दांडीला लावलेल्या दोन बाटल्या पुरतात. संपल्या तर दुकान जवळच असते. थांबून पाणी पिण्याने विश्रांतीही होते. सागरगडाच्या परिसरातील डोंगरवाटा किंवा रामराज-सुडकोलीकडील आडरस्ते यांची गोष्ट वेगळी. खड्डे-दगडांत हँडलवरचा हात काढून बाटली उपसणे म्हणजे पडण्याला आमंत्रण, आणि मैलोगणती पाणी मिळेलच असे नाही. तिथे पाठीवरची पिशवी उपयोगी. पावसाळ्यात तिचा आणखी एक फायदा आहे. दांडीच्या बाटलीच्या तोंडावर चाकाने उडवलेला चिखल बसतो. त्यात शेण असते, उंदरांचे मूत्रही असते. जुलाब आणि लेप्टोस्पायरोसिस यांना ती वाट नको. पाठीवरच्या पिशवीची नळी त्यामानाने सुरक्षित राहते. तिलाही टोपण हवेच.

घेताना काय पाहावे?

मोठी पिशवी चांगली, हा गैरसमज आहे. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो वजन, शिवाय पिशवीचे वेगळे. खडबडीत वाटेवर ते खांद्यांना, मानेला आणि कमरेला हिसके देते. दोन-अडीच तासांच्या सफरीला दीड ते दोन लिटर पुष्कळ झाले. दुकानातच पाणी भरून, पाठीवर अडकवून, सायकलवर बसल्यासारखे वाका. पिशवी डोक्याकडे सरकता कामा नये. छातीवर आणि कमरेवर असे दोन पट्टे हवेत. वजन कमरेने पेलावे, खांद्यांनी नव्हे. पाठीकडच्या बाजूला जाळी किंवा खाचा असाव्यात, म्हणजे हवा खेळते. मान-पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी बाटल्यांवरच भागवावे.

आतल्या पाणपिशवीचे तोंड हात जाईल एवढे रुंद असावे. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची बाब आहे. जी पिशवी आतून घासता येत नाही, ती कितीही महाग असली तरी घेऊ नये.

काय भरावे, कशी धुवावी?

पिशवीत फक्त स्वच्छ साधे पाणी भरावे. सरबत, ग्लुकोज, ओआरएस वेगळ्या बाटलीत न्यावे. कारण साखर नळीत चिकटली की दोन दिवसांत काळी बुरशी धरते. सफर तासाभराची असेल तर साधे पाणी पुरते. दोन-तीन तास घाम गाळायचा असेल तर मीठ घातलेले कोकम सरबत उत्तम. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. त्यासोबत काही खारट खावे. ओआरएसच्या पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्या. त्या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांवर 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

घरी आल्यावर उरलेले पाणी ओतून द्या. कोमट पाण्याने व चमचाभर खाण्याच्या सोड्याने पिशवी धुवा, नळी बारीक ब्रशने साफ करा, तोंड उघडे ठेवून उलटी टांगा. आपल्याकडे पावसाळ्यात काहीच वाळत नाही. तेव्हा धुतलेली पिशवी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी, बुरशी वाढत नाही. नळीत काळे ठिपके दिसले तर ती बदलावी. आणि आपली नळी दुसऱ्याच्या तोंडी देऊ नये.

पिशवी असूनही

भरपूर पाणी जवळ असले तरी उष्माघात होऊ शकतो. मार्च ते मे आणि ऑक्टोबरात सकाळी नऊच्या आत घरी परतावे. जोडीदार असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, उलटी झाली, तर सफर तिथेच थांबवा. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही असे समजू नका. कष्टाच्या उष्माघातात घाम सुरूच असू शकतो. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी पिशवीतील पाणी पाजण्यासाठी नव्हे, अंगावर ओतण्यासाठी वापरा.

रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, पाण्याचे व मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि मगच लांबच्या सफरीला निघावे.