पत्र्याखालचा गारवा

२००४ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार सात कामांना मिळाला. त्यांत क्वालालंपूरचे ८८ मजली पेट्रोनास मनोरे होते, अलेक्झांड्रियाचं नवं ग्रंथालय होतं आणि त्यांच्याच पंक्तीला बसली होती बुर्किना फासोमधल्या गांदो गावची प्राथमिक शाळा. तीन वर्गखोल्या, भिंती मातीच्या, वर पत्रा!

हे घडू शकलं, कारण या पुरस्काराची पाहण्याची रीत वेगळी आहे. इमारत पुरी होऊन निदान वर्षभर वापरात असावी लागते, मग जाणकार प्रत्यक्ष तिथं जाऊन ती तपासतात. मान एकट्या आर्किटेक्टचा नसतो. बांधणारे कारागीर आणि बांधून घेणारेही त्यात वाटेकरी असतात. ज्या चौथ्या आगाखानांनी १९६९ मध्ये पुण्याचा आगाखान पॅलेस देशाला देऊन टाकला, त्यांनीच १९७७ मध्ये हा पुरस्कार सुरू केला.

गांदोची शाळा बांधणारे फ्रान्सिस केरे त्याच गावचे. गावात शाळाच नव्हती, म्हणून सातव्या वर्षी त्यांना घर सोडून तेंकोदोगो शहरात जावं लागलं. तिथल्या सिमेंटच्या, अंधाऱ्या, भट्टीसारख्या तापणाऱ्या वर्गात शंभरावर मुलं दाटीनं बसत. पुढं सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये वास्तुकला शिकू लागले. शिक्षण चालू असतानाच त्यांनी पैसे जमवले आणि २००१ मध्ये आपल्या गावची शाळा उभी केली.

आता त्या शाळेचं छप्पर पाहा. वैशाखात पत्र्याखाली दुपार काढलेल्या माणसाला ते विशेष भावेल. उन्हानं पत्रा तापतो आणि उष्णता सरळ डोक्यावर ओतत राहतो. केरेंनी पत्रा टाकून दिला नाही, तो वर उचलला. वर्गांवर मातीच्याच विटांचं, मधूनमधून फटी ठेवलेलं छत घातलं आणि त्याच्या बऱ्याच वर, सळयांच्या सांगाड्यावर पन्हळी पत्रा तोलला. मधल्या मोकळ्या जागेतून वारा खेळतो. खोलीतली गरम हवा हलकी होऊन छताच्या फटींतून वर निघून जाते, तिच्या जागी खिडक्यांतून ताजी हवा आत येते. पंखा नाही, वीज नाही, तरी दिवसभर हवा हलती राहते! पत्र्याची वळचण भिंतींच्या खूप पुढं काढली आहे, म्हणून भिंतीवर ऊन पडत नाही आणि पाऊसही लागत नाही.

पावसाची धास्ती गावाला होतीच. मातीची भिंत पावसाळ्यात विरघळते, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले लोक ते. केरेंनी मातीत थोडं सिमेंट मिसळलं आणि विटा न भाजता यंत्रात दाबून घट्ट केल्या. जड तुळया आणायला क्रेन नव्हती, म्हणून बारीक सळया हातकरवतीनं कापून, लहानशा वेल्डिंग यंत्रानं जोडून सांगाडा केला. हे सारं गावच्याच तरुणांनी शिकून घेतलं. मुलांनी पायाला दगड वाहिले, बायकांनी जमीन चोपून गुळगुळीत केली. पुढं ग्रंथालय बांधताना तर गावातली मडकी आणून, त्यांचे तळ कापून ती छतात बसवली. त्या गोल तोंडांतून उजेड आत येतो आणि गरम हवा बाहेर पडते.

मान पुढंही मिळत गेले. गांदोच्याच माध्यमिक शाळेच्या आराखड्याला २०१२ मध्ये शाश्वत बांधकामासाठीचं जागतिक होल्सिम सुवर्ण पारितोषिक मिळालं. २०२२ मध्ये केरेंना वास्तुकलेतला मानाचा प्रित्झ्कर पुरस्कार लाभला. तो मिळवणारे ते आफ्रिकेतले पहिले आर्किटेक्ट.

मला मात्र या सगळ्याहून मोठी वाटते ती शेजारची गोष्ट. गांदो पाहून जवळच्या दोन गावांनी श्रमदानानं आपापल्या शाळा बांधल्या. गांदोच्या शिक्षकांचे पगार स्थानिक प्रशासनानं उचलले. आणि गांदोच्या बांधकामावर हात तयार झालेल्या तरुणांना तीच माती, तीच पद्धत वापरून सार्वजनिक बांधकामांवर काम मिळू लागलं.