फोर व्हील ट्रॅक्टरचा एकच टायर फाटला तर?

मागच्या वेळी आम्ही गटाच्या ट्रॅक्टरबद्दल रेडिओवर बोललो, तेव्हा दोन-तीन गटांनी एकच प्रश्न विचारला. चार टायरपैकी एक फाटला, बाकीचे तीन धडधाकट आहेत, मग एकच बदलायचा की दोन? प्रश्न साधा दिसतो, पण याच प्रश्नाने आमच्या गटाचा खिसा एकदा चांगला कापला आहे. म्हणून आज फक्त टायरवरच बोलू.

आमचा भाग द्राक्षाचा. दोन ओळींमधून जाणारा छोटा ट्रॅक्टर गटाने घेतला, तो फोर व्हील आहे. म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना जाते आणि दांडा टाकला की पुढच्या दोन चाकांनाही जाते. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला, की बागेत चिखल होतो आणि डाऊनीची फवारणी तर त्याच दिवशी हवी असते. मागे ब्लोअर, त्यात पाण्याची टाकी भरलेली. अशा वेळी पुढची चाकं ओढायला लागली नाहीत तर ट्रॅक्टर ओळीतच रुतून बसतो.

त्या वर्षी मांडवाच्या जुन्या अँगलचा बुडखा जमिनीतून वर आला होता. त्याने पुढचा उजवा टायर बाजूने चिरला, आतले धागे दिसायला लागले. मधल्या नक्षीत खिळा घुसला तर पंक्चर निघतं. पण टायरचा गाल फाटून धागे तुटले, की तो टायर संपला. आतून जुन्या टायरचा तुकडा लावून घरापर्यंत यायला हरकत नाही, भरलेला ब्लोअर घेऊन त्यावर काम करू नये.

दुकानदार म्हणाले, "माप सारखंच आहे ताई, एक घेऊन जा." आमच्या खजिनदार ताईंनाही तेच पटलं. कर्जाचा हप्ता तोंडावर होता. डावा टायर अर्धा झिजलेला, पण बरा होता. चांगला टायर काढून ठेवायचा म्हणजे पैसे पाण्यात, असं सगळ्यांनाच वाटलं. तेव्हा आमच्यातल्या एकीनेही विरोध केला नव्हता, हेही सांगायला हवं.

पुढच्या हंगामात दांडा अडकायला लागला. बागेतून डांबरी रस्त्यावर आलं की फोर व्हील निघेचना. स्टिअरिंग जड झालं. मग पुढच्या गिअरच्या पेटीतून ऑइल गळू लागलं. मिस्त्री भाऊंनी पेटी उघडली तेव्हा आतले छोटे दाते घासलेले. एका टायरचे जेवढे पैसे वाचवले होते, त्याच्या चौपट दुरुस्तीला गेले आणि फवारणीचे चार दिवस बुडाले ते वेगळेच.

मिस्त्री भाऊंनी आम्हाला समजावलं ते असं. टायरवर छापलेलं माप आणि टायरचा खरा घेर या दोन गोष्टी वेगळ्या. नव्या टायरचे दात उंच असतात, म्हणून त्याचा घेर मोठा. झिजलेल्याचा घेर लहान. शिवाय एकाच छापील मापाचे दोन कंपन्यांचे टायर नवे असतानाही घेराने थोडे वेगळे निघतात. आम्ही नंतर मोजलं, तर डावा टायर एका फेरीत 186 सेंटिमीटर जात होता आणि नवा उजवा 194. म्हणजे एका किलोमीटरला डाव्या चाकाला जवळजवळ 22 फेऱ्या जास्त माराव्या लागत होत्या.

बैलगाडीत हे चाललं असतं, तिथे दोन्ही चाकं आपापली मोकळी फिरतात. ट्रॅक्टरमध्ये पुढची दोन्ही चाकं मधल्या गिअरच्या पेटीने, म्हणजे डिफ्रन्शिअलने, जोडलेली असतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, तो फरक सांभाळायला ही पेटी असते. तिला वळणापुरतं काम करायचं असतं. आमच्या ट्रॅक्टरमध्ये ती सरळ रस्त्यावरसुद्धा सतत फरक सांभाळत बसली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. फोर व्हील टाकलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना पक्की बांधली जातात. पुढची चाकं लहान, मागची मोठी. त्यामुळे मागचं चाक एकदा फिरलं की पुढच्याने किती फिरायचं, हे कंपनीने गिअरमध्ये ठरवून दिलेलं असतं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त ओढतील असं ते गणित असतं, साधारण 1 ते 5 टक्के. पुढे नवे मोठे टायर आणि मागे झिजलेले असले, की हा आकडा वाढतो. पुढे झिजलेले आणि मागे नवे असले, की तो कमी होतो आणि पुढची चाकं ओढायची सोडून फरफटत जातात. मातीत चाक थोडं घसरतं आणि तो ताण निघून जातो. डांबरावर घसरायला जागा नसते. मग तो ताण गिअरमध्ये साठतो आणि दांडा अडकतो. दांडा अडकला तर हातोडी मारू नका. ट्रॅक्टर थोडा मागे घ्या, बहुतेक वेळा लगेच सुटतो. आणि कडक रस्त्यावर फोर व्हील काढूनच चालवा, टायर चारही नवे असले तरी.

आता मोजायचं कसं? आधी दोन्ही टायरमध्ये सारखी हवा भरा, कारण हवा कमी असली तरी टायर बसतो आणि घेर घटतो. मग पक्क्या अंगणात ट्रॅक्टर उभा करा. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर चुन्याची खूण करा. दांडा काढून ट्रॅक्टर सरळ हळू पुढे घ्या. टायरवरची खूण पुन्हा खाली आली की जमिनीवर दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर हा त्या टायरचा घेर. शिवणाचा टेप दीड मीटरचाच असतो, म्हणून आम्ही सुतळी लावली आणि नंतर सुतळी मोजली. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ बघायचा असेल तर दोन जणी हव्यात. एका पुढच्या आणि एका मागच्या चाकाला व्हॉल्व्हजवळ चिंधी बांधा. दांडा काढून पक्क्या जमिनीवर मागच्या चाकाच्या 10 फेऱ्या होईपर्यंत पुढच्याच्या मोजा. मग भुसभुशीत रानात दांडा टाकून तेच करा. आमचं पुढचं चाक पहिल्यांदा 15 फेऱ्या फिरलं आणि दुसऱ्यांदा साडेपंधराच्या किंचित आत. म्हणजे 3 टक्क्यांच्या आसपास, ठीक आहे. दुसऱ्यांदा 16 आल्या असत्या तर टायर जुळत नाहीत असं समजायचं. दोन्ही वेळा 15 आल्या तरी तेच, पुढची चाकं ओढतच नाहीत.

मग प्रत्येक वेळी दोनच टायर घ्यायचे का? नाही. जोडीदार टायर नवाच असेल, घेर जुळत असेल, तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एक पुरे. जोडीदार अर्धा झिजलेला असेल तर तेवढाच झिजलेला, त्याच कंपनीचा जुना टायर मिळतो का ते आधी विचारा. घेताना टायरच्या गालावरचे चार आकडे वाचा. 3521 लिहिलं असेल तर तो 2021 सालच्या 35व्या आठवड्यात बनलेला. फार जुना, तडे गेलेला घेऊ नका. हे काहीच जमलं नाही तर पुढचे दोन्ही बदला. पैसे लगेच नसतील तर एक लावा, पण दुसरा येईपर्यंत फोर व्हीलचा दांडा टाकू नका. दांडा काढलेला असला की पुढची चाकं नुसती लोटली जातात, पेटीवर ओढीचा भार येत नाही. कोरड्या दिवसांत आमचं काम असंच भागतं.

चाक बसवताना टायरवरचा बाण पुढे फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते बघा. आमच्याकडे एकदा उलटा बसवला होता, चिखल दातांत अडकून राहायचा. आणि एक चाक जॅकवर असताना इंजिन चालू करू नका. फोर व्हील असेल तर जमिनीवरची चाकं गाडी जॅकवरून ओढून नेतात.

एका काकूंनी विचारलं होतं, मुलाच्या मोटारीला चारही चाकांना ताकद जाते, तिचा एक टायर फुटला. तिथे नियम आणखी कडक आहे, काकू. थारसारख्या गाडीत 2H चा दांडा असतो, तो लावून टायर जुळेपर्यंत चालवता येतं. पण काही मोटारींत चारही चाकं कायमची जोडलेली असतात, सोडवायला दांडाच नसतो. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते. जुन्यांची 4 उरली असेल, तर घेरात अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो. 100 किलोमीटरला जुन्या चाकाला साडेपाचशेच्या आसपास फेऱ्या जास्त, आणि तो ताण पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या भागावर, तेही रस्त्याच्या वेगात. बऱ्याच कंपन्या 2 ते 3 मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतात, काही त्याहून कमी. गाडीसोबतच्या पुस्तकात ते लिहिलेलं असतं. मुलाला आधी ते पान काढायला सांगा, टायरच्या दुकानात नंतर जाऊ द्या.

आमचा तो डावा टायर अजून खोलीत आहे, कोरड्या जागी उभा ठेवलेला. त्याचा घेर आम्ही गटाच्या वहीत लिहून ठेवला आहे. आता पुढचे दोन्ही टायर झिजून 186 च्या जवळ आले, की तो एखाद्याचा जोडीदार म्हणून उपयोगी पडेल. खजिनदार ताई दर महिन्याच्या बैठकीआधी सुतळी घेऊन अंगणात जातात.