उसनी ताकद: जंप स्टार्टर निवडताना आणि वापरताना

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस गाडीच्या बॅटरीवर काय बोलणार? पण कार्यकारणभाव आम्ही वर्गात जेवढा शिकवला, त्याहून थोडा जास्तच आम्हाला एका रात्री बंद गाडीपाशी उभं राहून कळला. ती हकीकत आधी सांगतो.

पावसाळ्याचे दिवस होते. तीन आठवडे आमची गाडी जागची हलली नव्हती. रात्री दोनच्या सुमारास शेजारची मुलगी दार वाजवू लागली. "सर, बाबांच्या छातीत दुखतंय, गाडी काढता का?" आम्ही धावत खाली गेलो, किल्ली फिरवली, तर नुसतं टक् टक् टक्. बॅटरी उतरलेली. तरी आम्ही निर्धास्त होतो, कारण मुलानं आणून दिलेला जंप स्टार्टर डिकीत होता. तो काढला, बटण दाबलं, एकही दिवा लागला नाही. आठ महिन्यांत आम्ही तो एकदाही चार्ज केला नव्हता. शेवटी रिक्षा मिळाली, पण वीस मिनिटं गेली. गृहस्थ वाचले, आज ठणठणीत आहेत. 108 ला फोन करावा हे त्या गडबडीत आम्हा कुणालाच सुचलं नाही, तेही कबूल करतो. छातीत दुखत असेल तर पहिला फोन तोच.

आता यंत्राकडे वळू. जंप स्टार्टर म्हणजे काय, तर जाडजूड पुस्तकाएवढी लिथियमची बॅटरी आणि तिला जोडलेले लाल-काळे दोन चिमटे. पूर्वी अँबॅसिडरला हँडल मारत, नाहीतर चार माणसं धक्का मारत. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला धक्क्याचा उपयोग नाही. दुसऱ्या गाडीवरून केबल जोडायची तर दुसरी गाडी हवी. म्हणून ही पेटी.

दुकानात गेलात की खोक्यावर मोठ्या अक्षरात दिसतं: 20000 एमएएच. बहुतेक जण हा आकडा बघून घेतात, आणि इथेच फसतात. रांजणाचं उदाहरण घ्या. रांजणात पाणी किती हा एक प्रश्न, आणि त्याची तोटी किती रुंद हा अगदी वेगळा प्रश्न. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर फिरायला साधारण 100 ते 200 अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे दीड हजार वॉटच्या आसपास, जवळजवळ गिझरइतका भार. पण किती वेळ? दोन-तीन सेकंद. एकूण ऊर्जा मोजली तर एक-दीड वॉट-तास. 20000 एमएएच हा आकडा 3.7 व्होल्टच्या सेलवर मोजलेला असेल, तर पेटीत 74 वॉट-तास असतात. साठा भरपूर आहे. अडचण साठ्याची नसते, तोटीची असते.

म्हणून दुकानदाराला विचारायचं ते हे: माझ्या इंजिनाला ही चालेल का? चांगल्या पेटीवर पेट्रोल किती लिटरपर्यंत आणि डिझेल किती लिटरपर्यंत, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. डिझेल इंजिनात दाब जास्त, म्हणून त्याला प्रवाहही जास्त लागतो. 'पीक' अँपिअरचा आकडा क्षणभराचा असतो, त्यावर भाळू नका. स्टार्टिंग किंवा क्रँकिंग करंट किती, ते बघा. आपल्या गाडीच्या गरजेपेक्षा थोडी मोठी पेटी घ्यावी, म्हणजे ती जुनी झाली तरी पुरते. चिमटे उलटे लागले तर प्रवाह रोखणारी सोय हवीच. आणखी एक गोष्ट: मोठ्या ट्रकला 24 व्होल्ट लागतात, तिथे 12 व्होल्टची पेटी लावू नये.

वापरण्याआधी निदान करा. दिवे मंद आणि टक् टक् आवाज, म्हणजे बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. आधी टर्मिनल घट्ट आहे का, त्यावर पांढरा-हिरवा थर साचलाय का, हे बघा. आणि दिवे झगझगीत असूनही इंजिन हलत नसेल, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे. तिथे ही पेटी काही करणार नाही.

बॅटरीच उतरली असेल तर गाडी न्यूट्रलला किंवा पार्कला, हँडब्रेक वर, दिवे-पंखा-एसी सगळं बंद. लाल चिमटा अधिक खुणेवर, काळा उणे खुणेवर किंवा पुस्तिकेत सांगितलं असेल तर इंजिनाच्या उघड्या धातूवर. शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, म्हणून जवळ काडी, सिगारेट, ठिणगी नको. हिरवा दिवा लागला की किल्ली फिरवा, तीन-चार सेकंदच. नाही झाली तर अर्धा-एक मिनिट थांबा. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर पुरे, मेकॅनिकला बोलवा. सुरू झाली की चिमटे लगेच काढा, आधी काळा.

काही पेट्यांवर 'बूस्ट' नावाचं बटण असतं. बॅटरी इतकी मेलेली असते की पेटीला ती जाणवतच नाही, तेव्हा ते दाबायचं. पण त्या वेळी उलट्या चिमट्यांचं संरक्षणही सहसा बंद होतं. तेव्हा दाबण्याआधी रंग दोनदा तपासा. पेटी फुगलेली दिसली तर अजिबात वापरू नका.

आता आमच्या विषयाकडे येतो. न्यायदर्शनात घड्याचं उदाहरण देतात. माती हे समवायी कारण, कुंभार हे निमित्त कारण. जंप स्टार्टर हा नुसता कुंभार आहे. गाडी सुरू होते, पण आतली माती तीच राहते. छोट्या गाडीच्या 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 420 वॉट-तास मावतात, पेटीत त्याच्या एक षष्ठांश. ती बॅटरी भरत नाही, इंजिनाला फक्त हात देते. म्हणून गाडी सुरू झाल्यावर लगेच बंद करू नका, अर्धा-पाऊण तास चालवा आणि बॅटरी तपासून घ्या. ती चार-पाच वर्षांची असेल तर बदलायची वेळ आली समजा.

आणि त्या रात्रीचं काय? आम्हाला वाटत होतं की आपल्याकडे दोन आधार आहेत, एक बॅटरी आणि दुसरी पेटी. खरं तर आधार एकच होता. ज्या दुर्लक्षानं बॅटरी गेली, त्याच दुर्लक्षानं पेटीही गेली. दोन गोष्टी एकाच कारणानं बिघडत असतील, तर त्या दोन आहेत असं मोजायचं नाही. विमा, शिल्लक, औषधांचा डबा, सगळ्यांना हे लागू आहे.

आम्ही आता चार दिवस ठरवलेत: संक्रांत, पाडवा, आषाढी, दसरा. साधारण तीन-तीन महिन्यांचं अंतर पडतं. त्या दिवशी पेटी चार्ज करतो. ती डिकीत नाही, घरात दाराजवळच्या फळीवर असते, कारण मे महिन्यात बंद गाडीतली उष्णता लिथियमला सोसत नाही. प्रवासाला निघताना बरोबर घेतो. आणि आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटं फिरवून आणतो.

घरी गेल्यावर एवढंच करा. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर तिचं बटण दाबून बघा, किती दिवे लागतात.