हद्द आणि उत्तरदायित्व

भावी काळातील राज्यव्यवस्था कशी असावी, हा प्रश्न निघाला की आपली दृष्टी प्रथम दिल्लीच्या संसदेकडे किंवा परदेशी तत्त्वज्ञांच्या ग्रंथांकडे वळते. परंतु ज्या मुलखात लाखो माणसे रोज पहाटे लोकलच्या वेळापत्रकाप्रमाणे उठतात आणि रात्री परतताना नळाला पाणी आले असेल की नाही, या विवंचनेत जिना चढतात, त्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात राज्यरचनेचे प्रयोग गेली चाळीस वर्षे अव्याहत चालू आहेत, याची जाणीव फारच थोड्यांना असते.

हा मुलूख कारभाराला नवखा नाही. कल्याण १६५७ साली शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतले, पुढे पेशवाईत ते सुभ्याचे ठिकाण झाले, आणि इंग्रजी अमलात कल्याणला १८५५ साली, तर ठाण्याला १८६३ साली नगरपालिका मिळाली. रेल्वेने मुंबईची वस्ती या दिशेला ओतण्यास आरंभ केल्यावर नगरपालिकांची अंगे अपुरी पडू लागली. तेव्हा ठाणे शहर आणि आसपासची ३२ गावे मिळून १९८२ साली ठाणे महानगरपालिका, आणि लगोलग १९८३ साली कल्याणची (म्हणजे आजची कल्याण-डोंबिवली) महानगरपालिका अस्तित्वात आली.

या दुसऱ्या महापालिकेच्या पोटात २७ गावे होती, आणि त्यांची कहाणी हा राज्यरचनेच्या अभ्यासकाने बारकाईने वाचावा असा पाठ आहे. कराचा बोजा वाढला, सोयी मात्र आल्या नाहीत, ही तेथील ग्रामस्थांची जुनी तक्रार; दीर्घ आंदोलनानंतर २००२ साली ही गावे महापालिकेतून वगळण्यात आली, २०१५ साली पुन्हा समाविष्ट करण्यात आली, आणि २०२० साली त्यांतील १८ गावांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा शासनाचा निर्णय उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द ठरवला. दरम्यान नियोजनाची मुखत्यारी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेली, शेतांत टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, आणि निळजे, घेसर, हेदुटणे, मानपाडा, भोपर या गावांतील रहिवाशाला आपला दाद मागण्याचा दरवाजा नेमका कोणता, हे काही काळानंतर पुन्हा नव्याने शोधावे लागले. हद्द कितीदा बदलली, हे सरकारी दप्तरात तारीखवार सापडते. हद्द बदलल्याने त्या रहिवाशाला उत्तर देण्यास कोण बांधील झाले, याची नोंद मात्र कोठेही नाही.

ज्या सत्तेला आपण प्रश्न विचारू शकतो आणि जी उत्तर न दिल्यास बदलता येते, तिलाच राज्यव्यवस्था म्हणावे, अशी कसोटी लावली तर या परिसराचे चित्र कसे दिसते? पाण्याचेच उदाहरण घ्या. डोंबिवलीच्या शहरी भागाला महापालिका मुख्यतः उल्हास नदीचे पाणी देते, २७ गावांत आणि औद्योगिक वसाहतीत ते औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे ‘एमआयडीसी’च्या, बारवी धरणावर विसंबून असलेल्या योजनेतून येते, आणि ठाणे शहरात तर महापालिकेची स्वतःची योजना, ‘स्टेम’ ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार हातांतून पाणी येते. ज्याचा नळ कोरडा राहिला तो गृहस्थ आपल्या नगरसेवकाकडे जातो. परंतु एमआयडीसी नगरसेवकाला बांधील नाही, आणि ज्या राज्य सरकारला ती बांधील आहे ते एका गल्लीच्या नळासाठी कधी निवडणूक हरत नाही.

बरे, महापालिकेच्या आत तरी उत्तरदायित्व स्पष्ट आहे काय? आपल्या महापालिकांचा सांगाडा मुंबईच्या १८८८च्या कायद्यातून आला आणि १९४९च्या प्रांतिक महापालिका अधिनियमाने तो इतर शहरांत पसरला. त्याचे सूत्र असे की धोरण सभागृहाने ठरवावे, पण अंमलबजावणीची सत्ता शासनाने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती असावी; महापौर मानाचा, आयुक्त अधिकाराचा. परकीय राज्यकर्त्यांना लोकप्रतिनिधींविषयी वाटणारा अविश्वास या रचनेत उघड दिसतो, आणि स्वराज्य आल्यावरही तो आपण जपला. महापौर परिषदेच्या हाती कार्यकारी सत्ता देण्याचा प्रयोग १९९८ साली मुंबई आणि नागपुरात झाला खरा, पण तो अल्पावधीतच गुंडाळला गेला. प्रभागरचनेचेही तसेच : कधी एका प्रभागात एक नगरसेवक, कधी दोन, कधी तीन, कधी चार, खेळाचे नियम दर डावाला बदलत राहिले, आणि चार सदस्यांच्या ‘पॅनल’मध्ये गटाराची तक्रार कोणाकडे न्यावी हे मतदारालाच कळेनासे झाले. त्यावर कळस असा की कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत २०२० साली आणि ठाण्याची २०२२ साली संपल्यावर जानेवारी २०२६च्या मतदानापर्यंत दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. २०११च्या जनगणनेनुसार ठाण्यात सुमारे १८ लाख आणि कल्याण-डोंबिवलीत सुमारे साडेबारा लाख लोक राहत होते. एवढ्या मोठ्या समुदायाला वर्षानुवर्षे निवडून दिलेले सभागृहच नसावे, ही गोष्ट फारशी खळबळ न माजता पार पडली, यातच सभागृहाचे वास्तविक मोल किती उरले आहे ते दिसते.

वास्तविक नवी रचना शोधण्यास फार दूर जावयाला नको. औंधसारख्या छोट्या संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या साहाय्याने, आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करणारी घटना दिली. बहात्तर गावांच्या त्या राज्यात कारभाराचा पाया गावपंचायतीवर रचला गेला आणि राजाने स्वतःच स्वतःच्या अधिकारांना मर्यादा घालून घेतली. संस्थान १९४८ साली विलीन झाले, म्हणून तो विचार विलीन होण्याचे कारण नव्हते. १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने तोच विचार शहरांसाठी मांडला : तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, आणि महानगर प्रदेशासाठी अशी नियोजन समिती असावी की जिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निर्वाचित प्रतिनिधींनी आपल्यातून निवडलेले असतील. महाराष्ट्राने २००९ साली मतदारांच्या क्षेत्रसभांचीही कायद्यात तजवीज केली. तरतुदी आहेत, त्यांत प्राण नाही. कल्याण-डोंबिवलीचे दहा प्रशासकीय प्रभाग आहेत, म्हणजे एकेका प्रभाग समितीच्या वाट्याला लाखावर लोकवस्ती येते. आणि महानगराचे खरे नियोजन नियोजन समितीत न होता प्राधिकरणाच्या कचेरीत होते.

यावरून भावी रचनेचे एक सूत्र निघते. प्रत्येक कामाचा स्वतःचा आवाका असतो, आणि ज्या कामाचा जेवढा आवाका, तेवढ्याच परिघाची निर्वाचित सत्ता त्याला हवी. गल्लीचा दिवा, गटार, बालवाडी यांचा निर्णय क्षेत्रसभेने, ठरावीक निधी हाती घेऊन, करावा. शहराचे रस्ते, रुग्णालये आणि कर यांचा कारभार थेट जनतेला जबाब देणाऱ्या महापौराकडे असावा, आणि आयुक्त त्याचा सचिव असावा. कर्जत, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशा अनेक हद्दी ओलांडून खाडीला मिळणारी उल्हास नदी, बारवीचे पाणी आणि लोकलचा प्रवास यांना कोणतीही एक महापालिका पुरी पडणार नाही. त्यासाठी महानगर प्रदेशाचे निवडलेले मंडळ हवे, आणि प्राधिकरण व महामंडळे त्या मंडळाच्या हुकमतीखाली हवीत.

क्षेत्रसभा पक्षाचा स्थानिक पुढारी आणि बांधकाम व्यावसायिक यांच्या मुठीत जाईल, ही शंका निराधार नाही. परंतु आज जी कामे बंद दरवाजांआड मंजूर होतात ती चारशे शेजाऱ्यांसमोर मंजूर करून घेणे कोणत्याही पुढाऱ्याला अधिक अवघड जाईल, हेही तितकेच खरे. म्हणून अशा सभांचा प्रारंभ कायद्याने एकदम सर्वत्र न करता काही प्रभागांत, पाच वर्षांच्या मुदतीने, हिशेब जाहीर करण्याच्या अटीवर करावा, आणि मुदतीअखेर तेथील मतदारांनाच तो चालू ठेवावा की नाही हे विचारावे. २७ गावांना चार दशकांत हद्दीविषयीचे निर्णय पुष्कळ मिळाले. त्यांतला एकही त्यांच्या मतदानाने ठरला नाही. पुढची कोणतीही रचना करताना निदान एवढा क्रम उलटा, म्हणजे आधी मतदान आणि मग निर्णय असा, झाला, तरी भावी राज्यव्यवस्थेचा पहिला नियम सिद्ध झाला असे म्हणता येईल.