वखारीचा आधार

मृग नक्षत्र जवळ आले की गोव्यातील लहान कंत्राटदाराच्या जिवाला घोर लागतो. चिऱ्याच्या भिंती उभ्या आहेत, घरमालकाने गणेशचतुर्थीला नव्या घरात माटोळी बांधण्याचा मनोदय नातलगांना कळवून टाकला आहे आणि छपराचे वासे मात्र अजून चढावयाचे आहेत. अशा वेळी तो धाव घेतो ती कोणत्याही कारखान्याकडे नव्हे, एखाद्या कंपनीच्या काचेच्या दुकानाकडे तर नव्हेच नव्हे. म्हापसा, फोंडा, मडगाव, कुडचडे अशा बाजारगावाच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या लाकडाच्या वखारीकडे तो जातो. सायंकाळी माप सांगावे आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून न्यावा, एवढी सोय त्याला तेथेच मिळते. ही सोय इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिचे मोल कोणी करीत नाही. आज एकेक वखार बंद पडून तिच्या जागी सदनिकांची इमारत उभी राहू लागली तरी त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही, हे आम्हांस चिंताजनक वाटते.

वखार हा शब्द आपल्या किनाऱ्याला नवा नाही. राजापूरला आणि कारवारला इंग्रजांच्या वखारी होत्या, आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूरच्या वखारीचा समाचार घेतला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ती परदेशी व्यापाऱ्यांची कोठारे केव्हाच इतिहासजमा झाली. मागे उरली ती ही लाकडाची वखार. तिच्या चालकांत कित्येक कच्छहून आलेले पटेल आहेत. लाकडाच्या धंद्यात देशभर पसरलेला हा समाज आपल्याकडेही स्थिरावला, येथील मेस्तांची भाषा शिकला आणि येथल्या झाडांची नावेही शिकला.

या नावांपासूनच आरंभ करू. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष. मराठी मुलखात त्याला ऐन म्हणतात. त्याच्या जोडीला किंदळ, नाणा, शिवण, फणस आणि जांभा. (येथे जांभा म्हणजे चिरा नव्हे, झाड, बाहेरून आलेले अभियंते हा घोटाळा हमखास करतात.) जुन्या घरांच्या तुळया, आढी आणि वासे बहुधा याच लाकडांतून निघालेले आहेत. साग आणि शिसव ही दिवाणखान्याची आणि देवघराची लाकडे. कोणते लाकूड पावसाच्या माऱ्यात टिकेल, कोणते फक्त आत वापरावे, कोणत्याला खिळा मारण्यापूर्वी भोक पाडावे लागते, हे ज्ञान कोणत्याही विद्यालयात मिळत नाही. ते मेस्ताच्या हातात आहे आणि वखारवाल्याच्या डोळ्यात आहे.

आता ही स्थानिक लाकडे दुर्मिळ झाली, आणि ती व्हावयास हवीच होती. १९८० चा वनसंवर्धन कायदा, १९८४ चा गोव्याचा वृक्षसंरक्षण कायदा आणि १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन खटल्यातील आदेश यांनी जंगलावर पडणारी कुऱ्हाड बऱ्याच अंशी रोखली. सह्याद्रीचा घाट उजाड झाला तर आपल्या नद्याही आटतील. म्हणून या निर्बंधांविषयी आमची तक्रार नाही. परंतु त्यामुळे बांधकामाचे लाकूड दुरून येऊ लागले. घाटावरून दांडेलीच्या सरकारी आगाराचा साग येतो. मंगळूर आणि कांडला या बंदरांतून मलेशियाचे, आफ्रिकेचे, न्यूझीलंडचे लाकूड येते. ब्रह्मदेशचा साग हा एके काळी श्रीमंतीचा मानदंड होता. तेथील सरकारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर घाना, नायजेरिया, इक्वेडोर, पनामा असे ज्या देशांची नावे आपण भूगोलात वाचली त्यांचा लागवडीचा साग आपल्या चौकटींना लागू लागला. शिवाय बाजारात 'मलेशियन साल' यांसारखी व्यापारी नावे चालतात आणि एकाच नावाखाली निरनिराळ्या जातींचे लाकूड विकले जाते. ओळखीची झाडे गेली आणि अनोळखी लाकूड आले, तेव्हा ते ओळखून देणाऱ्या माणसाची गरज वाढली की कमी झाली, याचा विचार वाचकांनीच करावा.

कंत्राटदाराच्या दृष्टीने वखारीचा पहिला उपयोग अगदी साध्या हिशेबाचा आहे. सात फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद दाराला ५ इंच बाय ३ इंचाची चौकट करावयाची तर दोन उभे आणि वरचा आडवा मिळून साडेसतरा फूट लांबीचे लाकूड लागते. ते दोन घनफूटही भरत नाही. घनमीटरात ३५.३ घनफूट असतात. म्हणजे एका घनमीटरात अशा एकोणीस चौकटी निघाव्यात. सरकारी आगारात लिलाव होतो तो ओंडक्यांच्या ढिगांचा. चार दारांचे घर बांधणाऱ्याने तेथे जाऊन काय करावे? ढीग घ्यावयाचा, त्याचा वाहतूक परवाना काढावयाचा, घाट उतरवून आणावयाचा, चिरावयाचा, वाळवावयाचा आणि उरलेले लाकूड सांभाळीत बसावयाचे, हे लहान कंत्राटदाराचे कामच नव्हे. वखारवाला हे सारे आपल्या अंगावर घेतो आणि त्याला हवे तेवढे दोन घनफूट मोजून देतो.

ओंडक्याच्या मापाची गंमत येथे सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे रूढ असलेली रीत अशी, की ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा आणि त्याला लांबीने गुणावयाचे. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका या रीतीने दहा घनफूट भरतो. भूमितीच्या पुस्तकाप्रमाणे मात्र तो पावणेतेरा घनफुटांच्या आसपास असतो. मधला फरक साल, कडा आणि करवतीचा भुसा यांच्यासाठी सोडलेला असतो. पण ओंडका वाकडा निघाला, आतून पोकळ निघाला, गाभ्यापर्यंत भेग गेलेली निघाली, तर या सवलतीने भागत नाही. तो तोटा वखारवाल्याचा. कंत्राटदार चिरलेल्या मापाचे पैसे देतो, ओंडक्याच्या पोटात काय आहे याची जोखीम तो घेत नाही. गोव्यात घरे चौरस मीटरच्या ठरीव दराने बांधावयास दिली जातात. त्या दरात लाकूडही आले. अशा करारात बांधलेल्या माणसाला ही जोखीम दुसऱ्याने उचलणे किती मोलाचे आहे, हे ज्याने कधी घर बांधले आहे त्याला सांगावयास नको.

परंतु आमच्या मते खरे महत्त्व आहे ते वाळवणीचे. लाकूड हे जिवंतपणी पाण्याने भरलेले असते आणि कापल्यानंतरही ते भोवतालच्या हवेशी देवाणघेवाण करीत राहते. हवा दमट असेल तर ते ओलावा पिऊन फुगते, कोरडी असेल तर आकसते. म्हणूनच भारतीय मानक संस्थेने लाकडात किती ओलावा चालेल हे ठरविताना हवेच्या दमटपणाप्रमाणे देशाचे विभाग पाडले आहेत. आपला किनारा अर्थातच अति दमट प्रदेशात मोडतो. कोरड्या मुलखातल्या भट्टीत खडखडीत वाळवून आणलेले दार आषाढात येथे बसविले की श्रावणात ते चौकटीत अडकते. आणि ओल्या लाकडाचे दार पावसाळ्यात नीट बसले तरी माघात त्याच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडतात. वखारीत वर छप्पर, बाजू मोकळ्या, फळ्यांच्या थरांमध्ये आडव्या पट्ट्या, अशा रचनेत लाकूड महिनोन् महिने पडून असते. बाहेरच्या माणसाला तो निव्वळ पसारा वाटतो. वस्तुतः त्या अवधीत लाकूड येथल्या हवेशी जुळवून घेत असते. चांगला वखारवाला म्हणूनच घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला बजावतो, "पात्रांव, लांकूड अजून ओलें आसा." आपला माल विकला जात असताना गिऱ्हाइकाला थांबावयास सांगणारा व्यापारी दुसऱ्या कोणत्या धंद्यात आढळतो, ते आम्हांस ठाऊक नाही.

या सल्ल्याला आता कायद्याचीही धार आली आहे. २०१६ च्या स्थावर मालमत्ता कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कारागिरीत दोष दाखविला गेल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकासकावर टाकली आहे. त्यासाठी त्याला तीस दिवसांची मुदत आहे. मोठा विकासक ही जबाबदारी कराराच्या एका कलमाने उपकंत्राटदाराकडे ढकलतो, आणि तो बिचारा जातो कोणाकडे? दूरच्या शहरातून फोनवर मागविलेली दारे फुगली तर दाद मागावयास समोर माणूस नसतो. वखार मात्र जागच्या जागी असते. तिच्या मालकाला त्याच रस्त्याने रोज जावयाचे असते आणि पुढच्या घराचे कामही त्याला हवे असते. या लज्जेची किंमत कोणत्याही हमीपत्राहून अधिक आहे.

मेस्ताने माप चुकविले तर तुकडा बदलून मिळतो, उरलेल्या रिपा परत घेतल्या जातात, सेंट्रिंगच्या फळ्या आणि बल्ल्या कमी पडल्या तर तासाभरात येतात, हे सारे आहेच. देवळाच्या मंडपाचा जुना खांब किंवा रथाचे मोडलेले चाक दुरुस्त करावयाचे झाले तर त्या जाडीचे आणि त्या लांबीचे लाकूड कोणत्या कंपनीच्या यादीत मिळणार? आणि अशुभ वाटले तरी सांगावयास हवे, की आपल्यापैकी अनेकांचा अखेरचा प्रवासही याच वखारीच्या लाकडावर व्हावयाचा असतो. रात्री-अपरात्री दार ठोठावले तर ते उघडणारा दुकानदार हाच.

उधारीचा प्रश्न मात्र जरा विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण वखारींचे मरण बहुधा तेथेच ओढवते. लहान कंत्राटदाराला बँक सहजासहजी उभी करीत नाही. त्याचे भांडवल म्हणजे वखारवाल्याची वही. छप्पर चढले की मालकाकडून हप्ता मिळतो आणि मग लाकडाचे पैसे चुकते होतात. सरकारी शाळेचे वा पंचायतीच्या घराचे काम असेल तर बिल महिनोन् महिने अडकते आणि त्याच्याबरोबर वखारवाल्याची रक्कमही अडकते. लघुउद्योगांची देणी पंचेचाळीस दिवसांत चुकती करावीत असा २००६ चा कायदा आहे. २ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांनाही लघुउद्योगांच्या नोंदणीत प्रवेश दिला. परंतु त्यांना लाभ दिला तो फक्त बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरता. विलंबित देण्यांचे संरक्षण त्यांना नाही. म्हणजे निव्वळ व्यापार करणाऱ्या वखारीने सरकारी बिलाच्या विलंबाचा भार निमूटपणे सोसावा, असा याचा अर्थ झाला. व्यापाऱ्याविषयी आम्हांला फाजील कळवळा नाही. पण ज्याच्या उधारीवर सरकारची बांधकामे उभी राहतात त्याला कायद्याने उघड्यावर ठेवावे, हा न्याय नव्हे.

वखारवाले सारेच साधू आहेत असे मुळीच नाही. सालीलगतचा पांढरा भाग रंगाच्या हाताखाली दडवून गाभ्याच्या भावाने विकणारे आहेत. त्या भागालाच वाळवी आणि कीड आधी लागते, हे त्यांना पुरते ठाऊक असते. बिलाविना माल देणारे आहेत. रात्रीच्या अंधारात जंगलातून उतरणारे लाकूड मुकाट्याने आत घेणारेही असतील, आणि अशांवर वनखात्याने दयामाया दाखवू नये. करवतीचा आवाज, भुशाची धूळ, आगीचे भय, ही शेजाऱ्यांची तक्रारही खरी आहे. मात्र औषध रोगावर हवे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने बिनपरवाना लाकूडगिरण्या बंद करण्याचा आणि पूर्वपरवानगीवाचून नवी न काढू देण्याचा आदेश दिला. पुढे २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी हा विषय राज्यस्तरीय समितीकडे सोपविला. या शिस्तीचा एक परिणाम असा, की परवानाधारक जुनी गिरणी एकदा बंद पडली म्हणजे तिच्या जागी दुसरी उभी करणे मुळीच सोपे नाही. तालुक्यात तीन वखारी असतील तर कंत्राटदार तीन भाव विचारू शकतो. एकच उरली तर ती सांगेल तो भाव. आणि एकही उरली नाही तर दूरच्या कंपनीचा प्रतिनिधी येऊन ठरीव मापाची दारे दाखवील, मग भिंतीतले भोकच त्या मापाचे करावे लागेल.

तेव्हा सरकारकडे आमचे मागणे मोठे नाही. नगरनियोजनाच्या आराखड्यात प्रत्येक बाजारगावाजवळ, वस्तीपासून पुरेशा अंतरावर, वखारींसाठी जागा राखून ठेवावी; त्यांना दूरच्या औद्योगिक वसाहतीत पिटाळू नये, कारण टेम्पोचे भाडे शेवटी घर बांधणाऱ्याच्याच माथी बसते. सार्वजनिक बांधकाम खात्याने कंत्राटदाराचे बिल देताना लाकडाची देणी चुकती झाल्याची पावती मागावी, आणि त्यासाठी आपले बिल आधी वेळेवर द्यावे. वनखात्यानेही आपल्या आगारातील लिलावाचे ढीग अधिक लहान करावेत. आज मोठे ढीग मोठ्या भांडवलवाल्यांकडे जातात आणि तालुक्याची वखार तेच लाकूड त्यांच्याकडून चढ्या भावाने घेते. ढीग लहान केल्याने खात्याला थोडे अधिक कागद रंगवावे लागतील, पण पुढच्या लिलावापासूनच याला आरंभ करता येईल. त्याला ना नवा कायदा लागतो, ना नवी समिती.