काळ्या मातीवरची काँक्रीटची वाट

‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो. पण फाटकापासून पायरीपर्यंतची वाट पाहावी बांधून, असे कोणी म्हणत नाही. घर पुरे होते, वास्तुशांत होते, हातचे पैसे संपत येतात आणि मग उरल्यासुरल्या सिमेंटात ती वाट उरकली जाते. आमच्या घरीही हेच झाले. वडिलांनी निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत घर बांधले. पूर्वी तिथे ज्वारी-हरभऱ्याची शेते होती, म्हणजे जमीन अस्सल काळी. एप्रिलच्या भर दुपारी बारा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशी काँक्रीटची गाडीवाट घातली गेली. दोन दिवस पाणी मारले आणि तिसऱ्या दिवशी स्कूटर आत आली.

दिवाळीपर्यंत वाटेच्या मधोमध लांबच लांब चीर गेली. पुढच्या मे महिन्यात कडा तुटल्या आणि एक तुकडा दुसऱ्यापेक्षा बोटभर वर आला. संध्याकाळी दिवे गेलेले असताना त्याच पायरीला ठेचकाळून आई पडली आणि तिचे मनगट मोडले. वडिलांनी गवंड्याला दोष दिला, गवंड्याने सिमेंटला दिला, आणि शेजारच्या काकांनी वास्तुदोष काढला. खरा दोष मात्र आमच्या सर्वांच्या पायाखाली होता. वाट दुसऱ्यांदा घालण्याआधी मी त्याचा थोडा अभ्यास केला. तो इथे मांडतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांची घरे उद्या अशाच जमिनीवर उभी राहणार आहेत.

जमीन श्वास घेते

आपल्या जिल्ह्यात खानापूरकडे गेले की तांबडी माती लागते, तर बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी. कन्नड विभागातील आपले मित्र या काळ्या जमिनीला ‘एरे’ म्हणतात. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर पसरले. त्यांच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन जी माती झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. या खनिजाचे कण म्हणजे वहीच्या पानांसारख्या अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि चळत फुगते. पाणी गेले की ती आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या आपोआप मिटतात, त्याचे कारण हेच. शेतकऱ्याला ही माती वरदान वाटते, कारण ती ओल धरून ठेवते. बांधकाम करणाऱ्याला तीच माती नकोशी होते, आणि तेही त्याच गुणामुळे.

माती सगळीकडे सारखीच फुगली असती तर काही बिघडले नसते. सारी वाट एकदम वर गेली असती आणि एकदम खाली आली असती. पण तसे होत नाही. काँक्रीटने झाकलेल्या मधल्या मातीतील ओल सहजी वर उडून जात नाही. कडेची माती मात्र उघडी असते. आमची वाट एप्रिलच्या कोरड्या, भेगाळलेल्या मातीवर घातली होती. जूनमध्ये पाणी कडेने आत शिरले, कडेची माती आधी फुगली, दोन्ही कडा उचलल्या गेल्या आणि मधला भाग अधांतरी राहिला. गाडीचे वजन पडताच मधोमध चीर गेली. पुढच्या उन्हाळ्यात उलटे झाले. मधली माती ओली राहिली, कडेची सुकून खाली बसली, आता कडा अधांतरी राहिल्या आणि चाकाखाली तुटल्या. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण फार थोडा सोसते. खालचा आधार गेला की त्याला वाकावे लागते, आणि वाकणे म्हणजे एका बाजूला ताण आलाच.

प्रयोगशाळेतील सोपी परीक्षा

आपली माती किती फुगते हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतही पाहता येते. भट्टीत वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेल्या मातीचे १० ग्रॅमचे दोन भाग घ्यावेत. १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांपैकी एकीत पाणी व दुसरीत रॉकेल भरून त्यांत ते टाकावेत, ढवळून हवेचे बुडबुडे काढावेत आणि २४ तास तसेच ठेवावेत. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. समजा, रॉकेलमध्ये मातीने १२ मिलिलिटर जागा व्यापली आणि पाण्यात २१, तर फरक ९, म्हणजे मूळच्या ७५ टक्के. हा आकडा ५० च्या वर गेला की जमीन फुगणारी आहे असे धरूनच पुढचे काम करावे.

पाया: वाळू नव्हे, मुरूम

पुष्कळ लोक काळी माती थोडी खणून तिथे वाळू किंवा मोठे दगड भरतात. ही चूक आहे. चिकण मातीत खणलेला खड्डा म्हणजे एक हौदच होय. वाळूतून व दगडांच्या फटींतून पाणी त्यात उतरते आणि तळाच्या मातीला पाजत बसते. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. कट्टी यांनी १९७० च्या दशकात काळ्या मातीवर पुष्कळ संशोधन केले. फुगणाऱ्या मातीवर, न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर दाबून बसवावा, असा उपाय त्यांनी मांडला. कालव्यांच्या अस्तराखाली तो वापरला जातो. आपल्याकडचा चांगला मुरूम या कामी येतो. घरगुती वाटेसाठी दीड-दोन फूट काळी माती काढून तिथे मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर घालावेत आणि प्रत्येक थर बेताची ओल देऊन रोलरने किंवा धुमसाने दाबावा. हा थर वाटेच्या दोन्ही बाजूंना दीड फूट अधिक रुंद ठेवावा, म्हणजे कडेची ओल-सुकी थेट काँक्रीटखाली पोहोचत नाही.

मुरूम भरण्याआधी तळाची माती कोरडीठाक नसावी. भेगा मिटेपर्यंत तिला काही दिवस थोडे थोडे पाणी द्यावे. जेवढे फुगायचे ते तिने आधीच फुगून घेतलेले बरे. मात्र तिथे चिखल होऊ देऊ नये.

तळाच्या सहा इंच मातीत विरीचा चुना मिसळला तर आणखी चांगले. चुन्यातील कॅल्शियम खनिजाच्या पापुद्र्यांना धरून ठेवते आणि मातीचा चिकटपणा व फुगीरपणा कमी होतो. पुढे सावकाश सिमेंटासारखा बंधही तयार होतो. मातीच्या कोरड्या वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना पुरतो. एक चौरस मीटर जागेत सहा इंच जाडीची माती सुमारे २२५ किलो भरते. ४ टक्क्यांनी हिशेब केला तर ९ किलो चुना लागतो. आमच्या ३६ चौरस मीटरच्या वाटेला तो सव्वातीन क्विंटलच्या आसपास लागला. चुना डोळ्यांत व कातडीला भाजतो, म्हणून मजुरांना हातमोजे आणि चष्मे द्यावेत. हा खर्च टाळू नये.

पाण्याचा हिशेब

काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते, हे डफ अब्रम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ साली दाखवून दिले. ५० किलोच्या एका पोत्याला २५ लिटर पाणी म्हणजे प्रमाण ०.५. थापी सहज फिरावी म्हणून कोणी आणखी पाच लिटर ओतले की ते ०.६ झाले आणि ताकद बरीच घटली. वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही या हिशेबात धरावे लागते. आमच्या पहिल्या वेळी माल इतका पातळ होता की तो घमेल्यातून ओतता येत होता! जास्तीचे पाणी नंतर उडून जाते, मागे पोकळी राहते आणि वरच्या थराची भुकटी होते.

वाटेची जाडी पाच इंच ठेवावी. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी हे प्रमाण घरगुती वाटेला पुरते. आमच्या वाटेला साडेचार घनमीटर काँक्रीट आणि सुमारे ३६ पोती सिमेंट लागले. ८ मिलिमीटरच्या सळयांची जाळी ठोकळ्यांवर उचलून काँक्रीटच्या वरच्या भागात ठेवावी. जाळी जमिनीवर अंथरून वर माल ओतला तर ती कसल्याच उपयोगाची नाही. सळई चीर थांबवत नाही. पडलेली चीर रुंद होऊ देत नाही, एवढेच तिचे काम.

उन्हाशी तडजोड

चिरा पडणारच असतील तर त्या आपण ठरवू तिथे पडाव्यात, म्हणून सांधे ठेवतात. पाच इंच जाडीला दर तीन मीटरवर सांधा घ्यावा आणि तो जाडीच्या पाव भागाहून उथळ नसावा. सांध्यात १६ मिलिमीटरचे गुळगुळीत गज आडवे ठेवून त्यांच्या एका अर्ध्या भागाला ग्रीस लावावे. त्यामुळे शेजारचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकू शकतात, पण वरखाली होत नाहीत. आई ज्या पायरीला ठेचकाळली, ती या गजांच्या अभावीच तयार झाली होती. घराच्या भिंतीपाशी व फाटकाच्या खांबापाशी डांबरी फळी घालून जागा मोकळी सोडावी. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर बारा मीटर काँक्रीट साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबते. त्याला कुठेतरी जागा हवीच.

उन्हाळ्यात काम करावेच लागले तर ते पहाटे किंवा सूर्य कलल्यावर करावे. खडीवर आदल्या रात्री पाणी शिंपडावे, पाण्याचे पिंप सावलीत ठेवावे. कोरडा वारा आणि ऊन यांनी पृष्ठभागावरील पाणी झपाट्याने उडते आणि काँक्रीट घट्ट होण्याआधीच त्यावर बारीक चिरांचे जाळे पडते. म्हणून रंधा फिरवून होताच वर कापड ताणून सावली करावी. पृष्ठभाग बोटाने दबेनासा झाला की ओले गोणपाट अंथरावे. दुसऱ्या दिवसापासून मातीचे छोटे बांध घालून वर पाणी साठवावे. भारतीय मानक किमान सात दिवस, आणि उष्ण व कोरड्या हवेत दहा दिवस काँक्रीट ओले ठेवण्यास सांगते. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. आमच्या दोन दिवसांच्या पाण्याने ते अर्धपोटीच राहिले होते.

शेवटी पाण्याची वाट. गाडीवाटेला पन्नासात एक इतका उतार घराकडून बाहेर द्यावा, छपराचे पन्हळ तिच्या कडेला सोडू नये, आणि बाजूचे गटार पक्के करावे. निलगिरीसारखी खूप पाणी शोषणारी झाडे वाटेजवळ लावू नयेत. बागेचे पाणीही कडेला साचू देऊ नये. मातीत ओल असण्याने नुकसान होत नाही. ती सारखी बदलत राहिल्याने होते.

दुसऱ्यांदा आम्ही हे सारे केले. तोच गवंडी बोलावला, कारण त्याचा दोष आमच्यापेक्षा जास्त नव्हता. पाणी मोजण्यासाठी पाच लिटरचा डबा हाती दिला तेव्हा तो हसला, पण मोजून घालू लागला. दहा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालण्याचे काम वडिलांनी स्वतःकडे घेतले. त्यानंतर तीन पावसाळे गेले. सांध्यांत केसासारख्या चिरा दिसतात, त्या तिथेच असायला हव्यात. आईचे मनगट थंडीत अजून दुखते. रात्री फाटक लावायला मात्र ती आता कंदिलाशिवाय जाते.